वळणावरचा डबा

नाही सूनबाई, माझ्या स्ट्रॉबेरीचा एकही डबा हलणार नाही. वर जाऊन सांग तुझ्या नवऱ्याला – काकांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत जिना मोकळा करा म्हणे. मोकळा करा म्हणजे काय, मी काय भाडेकरू आहे? जिना दोघा भावांचा आहे, आमच्या वडिलांनी बांधलेला, तुझा नवरा जन्मायच्या कितीतरी आधीचा – आणि मुळात हे सांगायला त्यानं तुला पाठवलं, या घरात येऊन तुला वर्षही झालं नाही, स्वतः यायला काय झालं होतं? माझ्यासमोर उभं राहायची छाती नाही, दुसरं काय. बस तू, उभी राहू नकोस. ते स्टूल ओढ – रंग आहे त्यावर, पण वाळलाय, बस. हातात काय आहे? वाटी? बघू. अरे बाप रे. दादाची, तुझ्या सासऱ्याची कवळी. बरोबर मधून दोन तुकडे. पुरावा म्हणून घेऊन आलीस होय? ठेव तिथे ब्रशांच्या बाजूला, काही होत नाही तिला, आता आणखी काय व्हायचं राहिलंय.

हे बघ, मी सरळ सांगतो, ती ज्या दगडावर तुटली तो दगड माझाच. नाकारतोय कुठे. मीच रंगवला, मीच ठेवला. लाल दगड कशाला ठेवतात ठाऊक आहे तुला? नाही ना? तुझ्या नवऱ्यालाही नाही, त्याला वाटतंय म्हातारा चळला, बसल्या बसल्या दगड रंगवतो. अगं, स्ट्रॉबेरी लाल व्हायच्या आधी – हिरवट पांढरी असते ना, तेव्हाच – असे अंगठ्याच्या पेराएवढे दगड घ्यायचे, लाल रंगवायचे आणि पानांत ठेवून द्यायचे. पक्षी येतात, चोच मारतात, चोच आपटते. दोनचारदा आपटली की त्यांच्या डोक्यात बसतं, इथलं लाल म्हणजे दगड. मग खरी फळं पिकली तरी फिरकत नाहीत. साधी गोष्ट आहे. पक्ष्याला कळतं आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कळू नये? आणि माणसानं दुसऱ्याच्या डब्यात तोंड घालायचंच कशाला? हा प्रश्न वरच्या मजल्यावर कुणी विचारला का? नाही विचारला. घशात अडकला असता तर – हो, हे मलाही कळतं, त्याला म्हणावं मलाही कळतं. अडकला नाही ना? मग झालं.

आणि रंगवला म्हणजे नुसता रंगात बुडवून काढला नाही. उभी हयात मी पाट्या रंगवण्यात घालवली – दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आहे ना, त्याची पाटी बघ, अजून रंग उडालेला नाही, माझा हात आहे तो. दगड असला म्हणून काय झालं. आधी अस्तर, मग लाल ऑइलपेंटचे दोन हात, ते खणखणीत वाळले की बारीक ब्रशनं पिवळे ठिपके – बिया गं, स्ट्रॉबेरीच्या बिया अंगावरच असतात – आणि वर खरा देठ, हिरव्या पानांच्या टोपीसकट, डिंकानं चिकटवलेला. हसतेस काय? हो, पक्ष्यांसाठीच. पक्ष्यांना देठ लागत नाही म्हणतेस? नसेल लागत. माझी हौस. काम करायचं तर नीट करायचं, एवढंच.

जिन्यातच का, हा तुझ्या नवऱ्याचा दुसरा प्रश्न. त्याला म्हणावं, मान वर करून बघ. मागचं अंगण – अंगण कसलं, चार माणसं उभी राहिली तर पाचव्यानं आतच थांबावं एवढी जागा – तिथे पूर्वी दिवसभर ऊन असायचं. तुम्ही वर गॅलरी वाढवली, तिच्यावर पत्रे टाकले, माझं ऊन गेलं. मी बोललो काही? नाही बोललो, बोलणं बंदच होतं. आता स्ट्रॉबेरीला तर ऊन लागतं, अर्धा दिवस तरी चांगलं सणसणीत लागतं, आणि ऊन उरलं होतं कुठे – जिन्यावर. मग जिथे ऊन तिथे मी. पायरीगणिक एक डबा, कडेला. रंगाचेच डबे, घासून पुसून, बुडाला खिळ्यानं भोकं पाडून. पहिल्या वर्षी सगळी रोपं सडवली मी. गळ्यापर्यंत गाडली होती, म्हटलं घट्ट बसतील. स्ट्रॉबेरीचा मधला कोंब असतो ना, पानं फुटतात तो, तो मातीच्या वर राहावा लागतो, त्यावर माती पडली की रोप गेलं. पुढच्या वर्षी नर्सरीवाला म्हणाला, पहिली फुलं खुडून टाका, आधी मुळं धरू देत. जिवावर आलं माझ्या, एवढीएवढीशी पांढरी फुलं – पण खुडली. फळ धरलं की त्याच्याखाली वाळलेलं गवत घालतो, मातीला टेकलं की कुजतं म्हणून. मी सडाफटिंग माणूस, सूनबाई, ना बायको ना पोरं, माझा संसार म्हणजे हे डबे. आणि तो म्हणतो संध्याकाळपर्यंत.

बोलणं का बंद? तुला कुणीच सांगितलं नाही? फाटकाच्या खांबावर चार भोकं आहेत, पाहिलीस? तिथे पाटी होती. वडील गेल्यावर मीच रंगवली, दोघा भावांची नावं. माझं नाव आटोपशीर, दादाचं हे एवढं लांब. आता पाटीत लहान ओळ वर आणि मोठी खाली घेतली म्हणजे ती बसते, कुठल्याही पेंटरला विचार, उलटं केलं की पाटी डोक्यावर पडल्यासारखी दिसते. मी तशी रंगवली. थोरला कोण नि धाकटा कोण, हा विचार ब्रश हातात असताना कोण करतं? दादानं पाहिली. वर गेला, घड्याळं उघडायचा तो बारीक पेचकस घेऊन आला – घड्याळजी माणूस, दुसरा पेचकस त्याच्याकडे नव्हताच – आणि त्या एवढ्याशा पेचकसानं, घाम गाळत, चारही स्क्रू काढले आणि पाटी माझ्या दाराशी टेकवून ठेवली. धाकट्याचं नाव वर. झालं. तेव्हा जे तोंड मिटलं ते मिटलं. चूक? माझी कसली चूक? पाटी म्हणून ती बरोबरच होती, आजही छातीठोकपणे सांगतो, पलंगाखाली आहे अजून, दाखवू? वहिनी होती तोवर निरोप तरी यायचे-जायचे, ती खाली यायची, दादाचं सांगायची, माझं घेऊन वर जायची, दोघांचंही थोडं गाळून सांगायची हे मला ठाऊक होतं. ती गेली आणि तेही संपलं.

मग डबे आले. आणि मग चोरी. चोरीच म्हणायची त्याला, आणखी काय म्हणणार? जिना वळतो तिथली रुंद पायरी – दादाचा गुडघा दुखतो, तो तिथे भिंतीला हात लावून दम खातो – त्या पायरीवरच्या डब्यातलं रोज एक फळ गायब. हंगाम सुरू झाला की रोज. आणि कुठलंही नाही हं, सगळ्यात पिकलेलं. आणि देठाची टोपी डब्याच्या काठावर, उलटी, नीट मांडून ठेवलेली. पक्षी ठेवेल का अशी? घड्याळजी ठेवतो. जन्मभर त्यानं बारीक चाकं काढून ओळीनं मांडली, ती सवय कुठे जाणार. पहिली टोपी पाहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझ्याशी बोलायचं नाही आणि माझी स्ट्रॉबेरी खायची. पाळतीवर बसलो, या खिडकीतून, इथून वळण सरळ दिसतं. आला. थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शाळेतल्या पोरासारखं, आणि टाकली तोंडात. डोळे मिटून खाल्ली. मी खिडकीपासून हटलो. नंतर चांगली रोपं त्या डब्यात हलवली, ती तिथलं ऊन चांगलं आहे म्हणून. स्ट्रॉबेरीला दोरे सुटतात ना लांब, टोकाला नव्या रोपाचं पिल्लू धरतं, त्यातली जोरकस पिल्लंही तिथेच लावली, तीही उन्हासाठीच. तुला वाटतंय तसं काही नाही. आणि सकाळी उठल्या उठल्या मी टोपी बघायला जायचो, तर आपलं नुकसान काय झालं हे माणसानं बघायला नको?

आणि या हंगामात – हे तूच मला सांग, तू वर राहतेस – या हंगामात टोपी नाही. फळं पिकतायत, लालभडक, मऊ पडतायत, मुंग्या लागतायत, आणि साहेब थांबतात, दम खातात आणि निघून जातात. हात लावत नाहीत. का? आता काय झालं माझ्या स्ट्रॉबेरीला? इतकी वर्षं चोरली ती गोड होती आणि आता एकाएकी मानी झाला? अख्ख्या डब्यातली फळं सडली. मला असा राग आला सूनबाई, तो चोरत होता तेव्हाही इतका आला नव्हता. म्हटलं थांब. एक दगड घेतला, चांगला गुळगुळीत, आणि काय सांगू, दवाखान्याच्या पाटीवर घेतली नसेल एवढी मेहनत त्याच्यावर घेतली, आणि ठेवला वळणावरच्या डब्यात, अगदी वर, पानांच्या बाहेर, हात जाईल असा –

पक्ष्यांसाठीच. मग कुणासाठी? – काय म्हणालीस? वळणावर वर छप्पर आहे, ऊन तिरकं आत येतं पण पक्षी शिरत नाहीत? बरीच बारीक नजर आहे गं तुझी. नाही शिरत. नाही शिरत, मग पुढे काय म्हणणं आहे तुझं? हो, त्याच्यासाठी ठेवला. दात पाडायला नाही ठेवला, एवढा नीच नाही मी – दगड जड लागतो, गार लागतो, हातात घेतल्या घेतल्या कळायला हवा होता. मला एवढंच बघायचं होतं की हात येतो का. हात यावा, दगड लागावा, आणि त्यानं तिथूनच ओरडावं, अरे गाढवा, काय चावटपणा लावलायस. एवढं म्हणावं. शिवी तर शिवी, ती तरी माझ्या नावानं असती. तर तेही नाही. स्वतः गप्प राहिला आणि तुला पाठवलं, कवळी घेऊन.

त्यानं नाही पाठवलं? ते कळलं मला, नवऱ्यानं पाठवलं, पण दादा काय म्हणाला? – अक्रोड? अक्रोड फोडताना तुटली असं सांगितलं? दादानं? अगं, घड्याळ मिनिटभर मागे पडत असलं तरी गिऱ्हाइकाला परत न देणारा माणूस तो, गिऱ्हाईक म्हणायचं, असू दे, चालेल, तरी हा म्हणायचा, नाही चालणार. तो खोटं बोलला? मग दगड सापडला कुठे तुम्हाला? सदऱ्याच्या खिशात. धुवायला घेताना. रुमालात गुंडाळलेला. आणि तुझ्या नवऱ्यानं ओळखला, हं, माझा ब्रश ओळखला, तेवढं तरी आहे त्याला. आणि आता कुठाय? दादानं मागून घेतला? आधी वेळ विचारली आणि मग दगड मागितला? कशाला? मला वाचवायचं त्याला काय कारण होतं? मी सांगितलं होतं? मला कुणाची मेहरबानी नको. मी उघड सांगतोय की मी ठेवला, त्यानं अक्रोडाच्या मागे लपवायची गरज नाही. काय करतो त्याचं? हातात घेऊन बसतो. डोळ्याला भिंग लावून बघतो? पिवळे ठिपके बघतो? – आणि काय म्हणतो? काय म्हणाला? नीट सांग, त्याचे शब्द सांग.

हा एकच दिसला.

असं म्हणाला? हा एकच दिसला म्हणजे काय? डब्यात फळं काय कमी होती? लगडला होता डबा.

थांब. थांब जरा, बोलू नकोस. तू मघाशी काय म्हणालीस, दगड मागताना त्यानं तुला वेळ विचारली. घड्याळ समोर भिंतीवर आहे ना तुमच्याकडे? हो, मोठं, मला ठाऊक आहे, त्यानंच लावलेलं. नेहमी विचारतो? घड्याळजी माणूस भिंतीवरचं घड्याळ सोडून सुनेला वेळ विचारतो आणि तुम्हाला त्यात काही वाटलं नाही? वर्तमानपत्र बंद केलं – का? त्यात वाचण्यासारखं काही नसतं म्हणतो. म्हणणारच. आणि मी सकाळी फाटकापाशी उभा असतो, तो समोरून जातो. पूर्वी मान फिरवायचा. इतकी वर्षं न चुकता, मी दिसलो की मान तिकडे. या वर्षी मान फिरवणंही सोडलं, सरळ जातो, मी तिथे नसल्यासारखा. मी मनात धरून बसलो की बघा, आता मान फिरवण्याइतकीही आपली किंमत उरली नाही. रोज तेच उगाळत होतो. अगं, मान फिरवायला समोरचा माणूस दिसायला लागतो ना.

तुम्हाला कुणालाच सांगितलं नाही त्यानं. नाहीच सांगणार. डोळे गेले तर घड्याळजीचं राहिलं काय, हे तो कुणापाशी बोलणार आहे? आणि मी इथे बसून म्हणतोय मानी झाला. चोरायची सोडली नव्हती त्यानं, पानांतलं दिसत नव्हतं. उभा राहून बघत असेल आणि काही दिसत नसेल. आणि मी काय केलं – चकचकीत ऑइलपेंट मारला आणि अगदी वर ठेवला. तो दिसला. आनंद झाला असेल गं त्याला, इतक्या दिवसांनी एक दिसली म्हणून. चाचपून बघायला थांबला नसेल, मागून तुझा नवरा उतरत असेल, घाईघाईनं टाकली असेल तोंडात. वाईट वाटतंय मला. वाटतंय, त्यात लपवायचं काय आहे.

आणि या जिन्यानं चढतो-उतरतो तो. पायरीगणिक माझा डबा.

ऊठ. ऊठ सूनबाई, स्टूल आत सरकव आणि तो खालचा डबा उचल. सगळे उचलायचेत. ती कोपऱ्यात जुनी पन्हळ आहे बघ, पत्र्याची, ती भिंतीला ठोकतो, वळणावर, तो हात टेकतो ना बरोबर त्या उंचीवर, रोपं तिच्यात हलवतो. पिकलेली स्ट्रॉबेरी हाताला कळते, वासानंही कळते, तिला डोळे लागत नाहीत. दगड सगळे काढून टाकतो, पक्ष्यांनी खाल्ली तर खाऊ देत. पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारतो, जाड, पाटीला मारतात तसा. तुझ्या नवऱ्याला म्हण, डब्यांवर ओरडायचं सोड आणि बापाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, मोतीबिंदू असेल तर काढता येतो. आणि हेही सांग, त्याच्या सांगण्यानं एकही डबा हललेला नाही. मी हलवतोय, मला हलवायचेत म्हणून. कवळी राहू दे इथेच, ती करून आणायचं काम माझं. माफी? माफीबिफी मी मागणार नाही, पाटी बरोबरच होती.

दादाला काही बोलू नकोस. एवढंच सांग, धाकट्यानं पायऱ्या रंगवायला घेतल्यात, ओल्या आहेत, एकट्यानं उतरू नको. उतरायचंच असलं तर वरून हाक मार म्हणावं, मी येतो हात द्यायला. हाक मारल्याशिवाय येणार नाही, तेही सांग. जा आता. आणि तो डबा दोन्ही हातांनी धर, तिरका करू नकोस – कोंबावर माती पडतेय.